पिठ्याचं दत्तकपत्र

माझ्या नावावर आयुष्यात पहिली जी गोष्ट कागदोपत्री लागली, ती म्हणजे आमचाच कुत्रा. शेत नंतर लागलं, घर तर त्याहून नंतर. पण अठरा पूर्ण झाल्यावर मी पहिली सही केली ती एका दत्तकपत्रावर, आणि त्या कागदात माझं नाव आणि गाव सोडलं तर काहीच खरं नव्हतं. कागद अजून आहे. त्यांनी तो प्लास्टिकमध्ये बंद करून दिला होता, म्हणून उंदरांनीही खाल्ला नाही. कपाट आवरताना तो हाताला लागतो आणि माझं डोकं पुन्हा फिरतं. मुलगी म्हणते, आई, इतकी वर्षं झाली, आता सोड की. सोडते, म्हणते मी, आणि कागद परत त्याच खणात ठेवते.

आमचं घर जळकोटात, हमरस्त्यापासून पाचेक मिनिटांवर, आणि घरासमोर बोळ ओलांडली की अप्पांची पिठाची गिरणी. अप्पा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई. आम्हा लिंगायतांत असंच म्हणतात. माझं लहानपण सगळं त्या गिरणीच्या आवाजात गेलं. ज्वारी पडली की आवाज भरीव यायचा, गहू पडला की थोडा चिरका, आणि कुणी हरभऱ्याची डाळ टाकली की अव्वा चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची, "कुनाकडं तरी पाव्हणं हायेत, बेसन दळायलेत." लाईट गेली की सगळी बोळ एकदम गप्प व्हायची, इतकी की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू यायची. पीठ तर सगळीकडं असायचं. दाराच्या कडीवर, देवाच्या फोटोवर, अप्पांच्या पापण्यांवर. सकाळी आंघोळ करून, लिंगपूजा करून काळासावळा माणूस गिरणीत जायचा आणि दुपारी भाकरीला पांढरा माणूस परत यायचा. जेवायला शेंगाची चटणी, भाकरी आणि वर घट्ट दही. अप्पा जेवताना बोलत नसत. एरवीही फार बोलत नसत. मात्र एखादी गोष्ट बोलले की ती फिरवायची नाही, हा त्यांचा स्वभाव, आणि त्याचा आम्हाला पुष्कळ त्रास झाला.

गिरणीमागं तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग होता, त्यात पिठ्या जन्मला. चार पिलांत एकटा काळाकुट्ट. पंधरा दिवसांचा झाला तसं अप्पांनी वस्तरा तापवला आणि त्याच्या डाव्या कानाचं टोक तिरकं उडवलं. वर हळद दाबली, आणि ते टोक भाकरीच्या कुसकऱ्यात घालून त्यालाच खायला घातलं. आमच्याकडं असंच करायचे. टोक ज्या हातचं खाल्लं तो हात कुत्रं विसरत नाही, ते घर सोडत नाही, असं समजायचे. आणि कापलेला कान दिसला की गावात कुणीही ओळखायचं, हे पाळलेलं आहे, याला धोंडा मारायचा नाही. मला कुणी आज विचारलं तर मी कुठल्याच जनावराचा कान कापू देणार नाही. त्याला दुखलं असणारच. तो रात्रभर कुईकुई करत होता आणि अव्वा त्याला मांडीवर घेऊन कानडीत समजावत होती. पण ज्या माणसानं तो कापला त्याच्या मनात काय होतं, हेही मला माहीत आहे, आणि ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे.

अव्वाचं माहेर हद्दीपलीकडचं, कर्नाटकातलं, आळंदकडचं. ती रागावायची मराठीत आणि लाड करायची कानडीत. माझ्या वाट्याला मराठीच जास्त आली. कानडी सगळी पिठ्याला. "बा इल्ली," इकडं ये, असं ती हळू म्हणाली तरी तो बोळीच्या टोकावरून धावत यायचा आणि तिच्या लुगड्याच्या निऱ्यांत डोकं खुपसून उभा राहायचा. बाकी वेळ गिरणीच्या दारात, धान्याच्या डब्यांच्या रांगेपाशी पडलेला. वर पीठ पडत राहायचं. वर्षभरात तो असा पांढरा झाला की नवीन माणसाला काळा म्हणून सांगितलं तर पटायचं नाही. थंडीत दव पडलं की त्या पिठाचा लगदा व्हायचा, मग ऊन लागून अंगावर खपल्या धरायच्या. दोन दिवसांनी तो उकिरड्यावर लोळून त्या स्वतःच काढून टाकायचा.

मी कॉलेजला नळदुर्गला जायला लागले तेव्हा पिठ्या सहा-सात वर्षांचा होता. रोज सकाळी मला स्टॉपवर सोडायला यायचा. बस गेली की घरी न जाता तिथंच रशीदचाचाच्या चहाच्या गाड्याशेजारी पडून राहायचा, ते थेट माझी परतीची बस येईपर्यंत. मैत्रिणी हसायच्या, म्हणायच्या, तुझा पहारेकरी बसलाय बघ. मला वरवर लाज वाटायची आणि आतून बरं वाटायचं.

एका संध्याकाळी उतरले तर पिठ्या नाही. रशीदचाचा गाड्यामागून पुढं आला. "बेटा, उसको गाडी में डालके ले गए," म्हणाला. दुपारी एक पांढरी गाडी थांबली, त्यातून दोन मुली आणि एक माणूस उतरला, त्यांनी पिठ्याकडं पाहून हळहळ केली, जाळी टाकली आणि उचलला. "मैं बोल्या उनको, ये बीमार नै, ये गिरणी का कुत्ता है, वो आटा है आटा. नै सुने. बोले, मालिक रहता तो ऐसा रखता क्या." चाचानं त्यांना वर चहा पण दिला होता, पैसे न घेता, भलं काम करणारी माणसं म्हणून. ते त्याला जास्त लागलं होतं.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, दोन दिवसांवर होती. येळवशीला आमच्याकडं सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, आणि ज्याला बोलावलं नाही त्यालाही आग्रहानं वाढायचं. देवाचा नैवेद्य झाला की अप्पा पहिलं पान पिठ्याचं काढायचे, मग आमची. त्या वर्षीही काढलं. बांधावर ते पान दिवसभर तसंच होतं. मुंग्या लागल्या तरी अप्पांनी कुणाला उचलू दिलं नाही. येणारे-जाणारे विचारायचे, कुत्रं कुठाय, आणि अप्पा म्हणायचे, "यील." गाडी कुणाची, कुठली, काही ठाऊक नव्हतं. नळदुर्गला विचारलं, तुळजापूरला विचारलं, कुणाला पत्ता नाही.

तीन आठवड्यांनी मैत्रिणीनं फोनवर एक फोटो दाखवला. प्राण्यांच्या निवारा केंद्राचा, धाराशिवचा. गळ्यात लाल रुमाल बांधलेला एक काळा कुळकुळीत कुत्रा, आणि खाली लिहिलेलं: मी शॅडो. माझ्या आधीच्या आयुष्यात मी खूप सोसलं. मला प्रेमाचं घर हवंय. मी म्हणाले, छान आहे. आणि फोन परत देता देता डावा कान दिसला. टोक तिरकं. मी तो फोटो मोठा करून बघितला, डोळे बघितले, आणि बसमध्ये सगळ्यांसमोर रडायला लागले. आपलं कुत्रं मोठं झाल्यावर आपण त्याला त्याच्या खऱ्या रंगात पाहिलंच नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा गिरणी बंद ठेवून एकटे धाराशिवला गेले. माझी परीक्षा होती. जाताना त्यांनी धुतलेलं धोतर घातलं, टोपी नवीन घातली, आणि पिशवीत एक दोरी घेतली, आणायला. संध्याकाळी परत आले तेव्हा दोरी पिशवीतच होती. चुलीपाशी बसले. अव्वानं पाणी दिलं, ते हातात धरून राहिले.

"कान दाखवला म्या त्यास्नी," ते म्हणाले.

अव्वा म्हणाली, "आदीपासून सांगा."

"तिथं एक मॅडम हाय. लई गोड बोलती. म्हनली, तुमचं कशावरनं? म्या फोटो दाखवला. तर म्हनली, हे तर पांढरं हाय, आमचं काळं हाय. म्या म्हनलं, बाई, त्ये पीठ हाय. तर हसली. मग म्या म्हनलं, डावा कान बघा, टोक तिरकं हाय का न्हाय. ह्या हातानं कापलंय म्या."

"मग?"

"मग हसायची थांबली."

अप्पांनी पुढचं एकेक शब्द ओढून काढल्यासारखं सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या की हा गुन्हा आहे. तुम्ही स्वतः कबूल करताय, वर अभिमानानं. अशा माणसांपासून मुक्या जनावरांना वाचवायलाच आम्ही हे केंद्र चालवतो. खरं तर पोलिसांत कळवायला पाहिजे, पण तुमचं वय बघून सोडते. कुत्रा मिळणार नाही.

"आन पिठ्या?" अव्वानं विचारलं.

"आत व्हता. माझा आवाज वळखला त्यानं. मी फाटकाच्या भाईर येस्तवर कोकलत व्हता." मग जरा थांबून म्हणाले, "नावसुदिक इचारलं न्हाय मला. कुठनं आलाव, कोन तुमी, काय न्हाय. उभ्याउभ्या गुन्हेगार केलं."

इतकी वर्षं गेली, आणि अजूनही माझा संताप याच ठिकाणी येऊन अडतो. ज्या माणसाच्या दारात सकाळी अर्ध्या गावाचे डबे रांगेला लागतात, ज्याच्याकडं गोरगरिबाचं दळण आधी होतं आणि पैशाचं नंतर बघितलं जातं, त्याला तुम्ही बसा म्हणत नाही? दिसलं काय, तर धोतर, टोपी आणि कापलेला कान. कान वाईट, मान्य. पण त्यांनी त्या कुत्र्याला उन्हात, रस्त्यावर, धडधाकट असताना उचलून नेलं, आणि आमच्या घराच्या तीन जिवांना तीन आठवडे वाट बघायला लावली, त्याला काय म्हणायचं? त्याला बचाव म्हणतात म्हणे.

पाच दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. अप्पांनी गिरणी चालू ठेवली, पण दळण जाडंभरडं यायला लागलं आणि बायका कुरकुरायला लागल्या. सहाव्या दिवशी अव्वा मला म्हणाली, "संगे, त्या फोनात दत्तक कसं घेत्यात त्ये बघ."

अप्पा दारातच होते. "आपल्याच लेकराला दत्तक घ्यायचं? माझं असून बेवारस म्हनून आनायचं? तसं नको मला त्ये."

"तुमाला नको, मला पायजे," अव्वा म्हणाली. मी तिला अप्पांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. "तुमी तुमचा मान घिऊन बसा हितं. माझं लेकरू तिथं पिंजऱ्यात हाय."

अप्पा गिरणीत निघून गेले. मी फॉर्म भरला. मला वाटलं होतं नाव-गाव विचारतील. दोन पानं प्रश्न होते. घर स्वतःचं आहे का, गच्चीला कठडा आहे का, कुत्रा कुठं झोपेल, तुम्ही गावाला गेलात तर त्याला कोण बघेल, तुमच्या उत्पन्नाचं साधन काय. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी गिरणी लिहिणार होते, मग हात आखडला आणि शेती लिहिलं. कुत्रा कुठं झोपेल, तर माझ्या खोलीत. मला खोली नव्हती. आमच्या घरात तेव्हा कुणालाच खोली नव्हती. व्हिडिओवर घर दाखवा म्हणाले तेव्हा मी शेजारच्या काकूंची नवी फरशी आणि त्यांचा दिवाण दाखवला. मास्तरीणबाईसारखी एक मुलगी पलीकडून म्हणाली, छान आहे हं. मला अर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला आणि त्यात अभिनंदनाचं चित्र होतं.

अव्वा आणि मी गेलो. नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, तीन बस बदलून, आणि पुढं रिक्षा, येडशीच्या रस्त्याला. खरं सांगायचं तर जागा वाईट नव्हती. तीन पायांची कुत्री होती, डोळे गेलेली होती, आणि सगळ्यांना पट्ट्या बांधलेल्या, पाणी ठेवलेलं. कामात खोट नव्हती, हे मी रागाच्या भरातही नाकारत नाही. म्हणूनच तर जास्त राग येतो. इतकं करणाऱ्या माणसांना एक प्रश्न नीट विचारायला काय झालं होतं?

वाटेत मी अव्वाला बजावून ठेवलं होतं, तू बोलायचं नाहीस. कानडी तर अजिबात नाही. मॅडम खरंच गोड बोलणाऱ्या होत्या, खादीचा कुर्ता, मोठं कुंकू. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, सरबत दिलं. अप्पांना उभं ठेवलं होतं ती हीच खोली असणार, असं मला वाटत राहिलं. मग एका कामवाल्यानं दार उघडलं आणि पिठ्या आत आला. काळा, चकचकीत, अंगाला शाम्पूचा वास. क्षणभर उभा राहिला. मग सरळ अव्वाकडं गेला आणि तिच्या निऱ्यांत डोकं खुपसून उभा राहिला, रोज राहायचा तसा. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. अव्वानं दोन्ही हात पाठीमागं धरले होते आणि पदर दातात.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या, "हा कुणाकडंच जात नाही. याला आधी कुठं पाहिलंय का तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदाच बघतोय."

तेवढ्यात तो माझ्याकडं आला आणि माझा हात चाटायला लागला. मी हात काढून घेतला. अनोळखी माणसं घाबरून काढून घेतात तसा. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्यानंतर मी आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही, पण तसं कुणी माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही.

मॅडम सांगत होत्या. याच्या कानाला कात्री, वस्तरा काही दाखवू नका, त्याला जुनं आठवेल. याचा मालक म्हणवणारा एक माणूस आला होता मध्यंतरी. क्रूर. स्वतःच्या हातानं कापला म्हणाला. तुमच्यासारखी माणसं मिळाली हे याचं नशीब.

अव्वानं पदर सोडला. ती म्हणाली, "लांबनं आला असंल."

"कोण?"

"त्यो मानूस. पानी तरी दिलं व्हतं का त्याला?"

मॅडमना ते कळलं नाही. त्यांनी कागद पुढं केले. दत्तक पूर्ण मोफत आहे म्हणाल्या, फक्त अडीच हजार सेवा-देणगी, स्वेच्छेनं. अव्वानं विचारलं, न्हाय दिली तर? तर मग प्रक्रिया पूर्ण होत नाही. त्यात काय काय आलं, तर लसी आल्या, आंघोळ आली, राहणं-खाणं आलं, आणि ऑपरेशन आलं. कसलं ऑपरेशन हे मी विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी त्याला खच्ची केलं होतं. म्हणजे आमचा कुत्रा आम्हाला न विचारता न्यायचा, न विचारता कापायचा, आणि त्याची देणगी आम्हीच द्यायची. आणि क्रूर कोण, तर अप्पा. अव्वानं तुरीचे आलेले पैसे रुमालातून काढून टेबलावर ठेवले. कागदावर छापलेलं होतं: सदर प्राणी बेवारस असून अर्जदाराचा त्याच्याशी पूर्वी कोणताही संबंध नाही. खाली मी सही केली. संगीता, आणि पुढं अप्पांचं नाव. अप्पांचं नाव त्या वाक्याखाली मी माझ्या हातानं लिहिलं.

कंडक्टरनं कुत्रं चढू दिलं नाही म्हणून भाजीच्या टेम्पोतून आलो. त्याआधी, केंद्राच्या फाटकाबाहेर येताच अव्वा खाली बसली, म्हणाली, "बा इल्ली," आणि पिठ्याला पोटाशी धरून मोठ्यानं रडली. गावात शिरल्यावर तो टेम्पोतून उडी मारून पुढं पळाला आणि आम्ही बोळीत पोचेपर्यंत गिरणीत जाऊन बसलाही होता. अप्पांनी यंत्राचा पट्टा उतरवून गिरणी बंद केली होती. त्यांचा हात पिठ्याच्या पाठीवर होता, पण बघत होते माझ्याकडं.

"काय म्हनून आनलंस?"

"बेवारस म्हणून, अप्पा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं रागावतील, पण ते नुसतं म्हणाले, "जा, हातपाय धू." त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलायचे, विचारपूस करायचे, सगळं करायचे. पण तो विषय त्यांनी काढला नाही, आणि आणलेला कागदही बघितला नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी ती पांढरी गाडी आमच्या बोळीत आली. न कळवता. दत्तक गेलेल्या प्राण्याची पाहणी असते, आणि नीट ठेवलेला नसेल तर परत नेतात, हे त्या कागदातच बारीक अक्षरात होतं. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. मॅडम उतरल्या आणि समोर गिरणीत उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "इथं संगीता कुठं राहतात?" तो माणूस अप्पा होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. त्यांनी बोट माझ्याकडं केलं. मॅडमनी त्यांना ओळखलं नाही. गिरणी समोर होती, पीठ समोर होतं, माणूस समोर होता. पण त्या दिवशी त्याचं काही ऐकलंच नव्हतं, तर आठवणार काय?

त्या ओट्यावर आल्या. अव्वा घाईनं बाहेर आली, सतरंजी टाकली. मॅडम म्हणाल्या, "शॅडो कुठाय?" पिठ्या त्यांच्यापासून तीन हात अंतरावर पडला होता. गिरणीतून नुकताच उठून सावलीला आला होता, तसाच पांढराफटक. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "आणि हा कुणाचा? याला त्वचेचा आजार दिसतोय. याच्यापासून शॅडोला लांब ठेवा हं. नाहीतर असं करू, याला आम्ही घेऊन जातो."

अव्वानं माझा दंड धरला. आता खोटं कसं पुढं न्यायचं याचा मी विचार करत होते. शॅडो शेतावर गेलाय म्हणावं, म्हणजे त्या परत येतील. हाच शॅडो म्हणावं, तर गिरणी दिसेल, पीठ कळेल, अप्पा कळतील, आणि गाडी तर दारातच उभी. आणि तेवढ्यात समोर गिरणी बंद झाली.

अप्पा बोळ ओलांडून आले. ओट्याखालच्या हौदावर वाकले आणि त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, मान धुतली. पांढरं पाणी दगडावरून वाहत गेलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं भिजवलं, पिळलं, पिठ्यापाशी बसले आणि त्याच्या पाठीवरून एकदा फिरवलं. काळा पट्टा निघाला. मग कान पुसला, डावा. मग मॅडमकडं तोंड वर केलं.

"आता वळखलं का?"

मॅडम एकदा कानाकडं बघत होत्या, एकदा अप्पांकडं.

"माझं नाव शिवलिंगप्पा," अप्पा म्हणाले. "तुमी इचारलं न्हवतं म्हनून सांगतो. ह्ये कुत्रं माझं हाय. हितंच जन्मलं, त्या गिरणीमागं. कान म्या कापला. चूक असंल तर चूक म्हना, पन माझा हात हाय त्यो. ही पोरगी तुमच्याम्होरं खोटं बोलली, कारन खरं बोलून म्या मोकळ्या हातानं आलतो. आता न्यायचं तर न्या."

पिठ्यानं उठून अंग झटकलं. पीठ उडालं आणि मॅडमच्या कुर्त्यावर बसलं. त्यांनी ते हातानं पुसलं, बोटांकडं पाहिलं, बोटं एकमेकांवर चोळली. बराच वेळ चोळत होत्या. मग म्हणाल्या, "हे खरंच पीठ आहे."

"व्हय," अप्पा म्हणाले. "ज्वारीचं."

त्यांनी पाहणीच्या कागदावर काहीतरी खूण केली आणि उठल्या. अप्पा म्हणाले, त्या पहिल्या कागदावर मालक म्हणून माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, आता ते बदलता येत नाही, नोंद होऊन गेली आहे. माफी मागितली नाही. अडीच हजारांचं नावही काढलं नाही. अव्वानं चहा ठेवला होता, तोही घेतला नाही. पुढं कितीतरी वर्षं, पिठ्या गेल्यावरसुद्धा, दर वर्षी माझ्या फोनवर शॅडोच्या दत्तक-वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहिल्या, आणि खाली देणगीची आठवण.

गाडी वळून गेली. मी हौदापाशी अप्पांजवळ जाऊन बसले. म्हटलं, "अप्पा, गप्प बसला असता तर त्या तशाच गेल्या असत्या. मी काहीतरी सांगितलं असतं. नेला असता म्हणजे?"

अप्पा उपरणं पिळत होते.

"नेलं असतं तर नेलं असतं," ते म्हणाले. "पन माझं म्हनून नेलं असतं."

मग ते बोळ ओलांडून गेले आणि त्यांनी पट्टा चढवला. राहिलेलं दळण संपवायचं होतं. पिठ्या त्यांच्या मागोमाग गेला आणि डब्यांच्या रांगेपाशी आपल्या जागेवर जाऊन पडला.